फक्त दोन जागा

मंडळी, पोलंड म्हटलं की कोल्हापूरकराला वळिवडे आठवतं. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे हजारो निर्वासित तिथल्या छावणीत राहून गेले. आज मात्र मी बोलणार आहे अलीकडच्या पोलंडबद्दल आणि तिथल्या एका कोर्टाबद्दल.

पोलंडच्या घटना न्यायाधिकरणात, म्हणजे कायदे घटनेत बसतात का ते तपासणाऱ्या कोर्टात, 15 न्यायाधीश असतात. त्यांना सेइम, म्हणजे तिथली लोकसभा, 9 वर्षांसाठी निवडते. 2015च्या ऑक्टोबरमध्ये सत्ताधारी सिव्हिक प्लॅटफॉर्मला निवडणूक हातची जाताना दिसत होती. तीन न्यायाधीशांची मुदत नोव्हेंबरात संपत होती, त्यांच्या जागा भरणं या सेइमच्या हक्काचं होतं. पण डिसेंबरात मोकळ्या होणाऱ्या आणखी दोन जागाही त्यांनी जाता जाता भरून टाकल्या. मनात भीती होती, विरोधक आले तर कोर्ट ताब्यात घेतील. भीती खोटी नव्हती. तरी त्या दोन जागा यांच्या नव्हत्याच!

मग ‘लॉ अँड जस्टिस’ पक्ष बहुमताने आला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आंद्झेय दुदा त्याच गोटातले. त्यांनी पाचांपैकी एकालाही शपथ दिली नाही. 2 डिसेंबरला नव्या सेइमने स्वतःचे पाच जण निवडले आणि त्याच रात्री चौघांची शपथही उरकली, कारण दुसऱ्याच दिवशी न्यायाधिकरण या प्रकरणाचा निकाल देणार होतं. निकाल सरळ होता: जुन्यांपैकी तिघं वैध, दोघं अवैध. आधीच्यांनी दोन जागा बळकावल्या होत्या म्हणून यांनी पाचही घेतल्या. आपल्याकडच्या भाऊबंदकीत बांध कोरतात ना, तसंच. पहिल्याने वीतभर कोरला की दुसरा हातभर कोरतो, आणि दोघंही ‘सुरुवात त्याने केली’ म्हणतात.

पुढचा प्रसंग तर विलक्षणच. 9 मार्च 2016ला न्यायाधिकरणाने सरकारचा नवा कायदा रद्द ठरवला. सरकार म्हणालं, हा निकालच नाही, राजपत्रात छापणार नाही. तेव्हा कार्यकर्त्यांनी रात्री पंतप्रधान कार्यालयाच्या भिंतीवर प्रोजेक्टरने निकालाचा मजकूर उमटवला. ज्या इमारतीतून तो छापायचा हुकूम निघायचा, तिच्याच दर्शनी भागावर! किती दिवस छापला नाही, याची मोजणी बाहेर फलकावर रोज चालायची.

2023च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे 74 टक्के मतदान झालं आणि सत्ता पालटली. सिव्हिक प्लॅटफॉर्मचे डॉनल्ड टुस्क पुन्हा पंतप्रधान झाले. मधल्या आठ वर्षांत न्यायाधिकरण ‘लॉ अँड जस्टिस’च्या माणसांनी भरलं होतं. टुस्क यांच्या गोटाचं म्हणणं, हे कोर्ट बेकायदा बसलंय. त्यात तथ्य आहे, मला ते बरंचसं पटतं. पण करायचं काय? 2024च्या मार्चमध्ये सेइमने तसा ठराव केला आणि सरकारने न्यायाधिकरणाचे निकाल राजपत्रात छापणं थांबवलं.

भिंतीवर निकाल उमटला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी अनेकांनी आता याच सरकारला मत दिलेलं असणार. आणि तिथल्या वकिलाला निकाल हातात आला की आधी पाहावं लागतं, खंडपीठावर कोण कोण होतं. निकालात काय लिहिलंय, ते नंतर.