नट चंद्रकांत, चित्रकार चंद्रकांत

श्रोतेहो, नमस्कार.

चंद्रकांत मांढरे म्हटलं की १९५२ सालचा भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ आठवतो. जिरेटोप आणि ती करारी नजर. पुढे चित्रपट मागे पडत गेले आणि ते चित्रकलेत रमले. त्यावर लोक म्हणतात, “उतारवयात छंद लागला.” मला हे पटत नाही.

चंद्रकांतांचे गुरू बाबूराव पेंटर. १९३६च्या बोलत्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनीच चंद्रकांतांना उभं केलं. बाबूराव स्वतः नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले, कॅमेराही घरचाच बनवला, आणि शेवटी पुन्हा चित्र-शिल्पाकडे वळले. अशा गुरूच्या हाताखालचा नट कुंचला धरतो, यात नवल ते काय? धाकटे बंधू सूर्यकांतही नट आणि चित्रकारच.

चंद्रकांतांचं खास काम म्हणजे पावडर शेडिंगमधली निसर्गचित्रं. ना पाणी, ना तेल. रंगाची कोरडी पूड कागदावर चोळत जायची. सावली हवी तिथं थर चढवायचा, उजेड हवा तिथं खोडरबरानं पूड उचलून घ्यायची. ऐकायला सोपं वाटतं, पण हात जरा जड पडला की आभाळाला डाग पडलाच! आणि तो पुसायला जावं तर आणखी पसरतो. एरवी या पद्धतीनं माणसांचे चेहरे काढत. चंद्रकांतांनी त्यात डोंगर, झाडं, धुकं आणलं. कृष्णधवल सिनेमाच्या दिव्यांसमोर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला उजेड-सावलीचं गणित वेगळं शिकवावं लागलं नसेल, असा आपला माझा तर्क.

कोल्हापुरात निसर्गचित्रांची वाट त्याआधीच आबालाल रहिमान यांनी पाडून ठेवली होती. शाहू महाराजांच्या पदरचे हे चित्रकार. आपला रंकाळा आणि पंचगंगा त्यांनी जशी पाहिली, तशी क्वचितच कुणी पाहिली असेल. दोघांची तुलना मी करणार नाही. आबालाल यांची उंचीच निराळी.

चंद्रकांतांनी राजारामपुरीतला आपला ‘निसर्ग’ बंगला चित्रांसकट शासनाला देऊन टाकला. तिथं आता त्यांच्या नावाचं कलासंग्रहालय आहे. पाहुणे आले की आपला बेत ठरलेला असतो: अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर चक्कर, मग तांबडा-पांढरा. मधे तासभर राजारामपुरीला द्यायला काय हरकत आहे? रस्सा कुठं पळून जात नाही.