बेएर शेवा: सातांची विहीर की शपथेची?

नमस्कार मंडळी, शालोम.

आज आपण दक्षिण इस्राएलमधल्या ज्या गावात जमलो आहोत, त्याचं नाव इथल्या प्रत्येक बसच्या पाटीवर आहे. सहा हिब्रू अक्षरं: बेत, आलेफ, रेश, मग शिन, बेत, आयिन. रोज वाचतो आणि पुढे जातो. पण एवढ्याशा नावात तोराहने, म्हणजे आपल्या यहुदी धर्मग्रंथाने, दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत. कोकणातून आलेल्या आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, कुटुंबांपैकी बरीच इथे आणि जवळच्या दिमोनात स्थिरावली. आपल्या मुलांनी हे नाव विचारलं, तर त्यांना नीट उत्तर देता यावं, एवढ्यासाठी हा विषय घेतला आहे.

आधी पहिला शब्द. ‘बेएर’ म्हणजे विहीर, तीही खणून खालच्या जिवंत पाण्यापर्यंत नेलेली. हिब्रूत पाण्याच्या जागांची नावं काटेकोर आहेत. पावसाचं पाणी साठवायला खडकात कोरलेलं टाकं, आपल्या गडांवर असतं तसं, ते ‘बोर’. जमिनीतून आपण होऊन फुटणारा झरा तो ‘एन’, जसं एन गेदी. योसेफाला भावांनी टाकलं ते बोरमध्ये, आणि उत्पत्ती या तोराहच्या पहिल्या पुस्तकाच्या ३७व्या अध्यायात मुद्दाम सांगितलं आहे की ते रिकामं होतं, त्यात पाणी नव्हतं. मराठीत सरसकट ‘विहीर’ म्हणून सांगितलं की हा तपशील अडखळतो, कारण कोरडं पडलेलं टाकं रोजचं. आटलेली विहीर ही वेगळी आपत्ती.

आता ‘शेवा’. याचा पहिला अर्थ सात. यावरून बरेच जण सांगतात, ‘इथे सात विहिरी होत्या म्हणून बेएर शेवा’. व्याकरणात हे बसत नाही. सात विहिरी म्हणायचं तर संख्या आधी येईल आणि विहीर अनेकवचनात जाईल: शेवा बेएरोत. इथे ‘बेएर’ एकवचनी आहे आणि आधी आला आहे, म्हणजे ‘साताची विहीर’, विहीर एकच. आपल्याकडे साताऱ्याजवळ लिंब गावात बारामोटेची विहीर आहे. तिथे कोणी बारा विहिरी शोधत नाही. विहीर एक, मोटा बारा. मुलांना समजावताना हे उदाहरण घ्या, लगेच पटतं.

मग सात काय? उत्पत्तीचा २१वा अध्याय काढा. गरारचा राजा अबीमलेख याच्या नोकरांनी आपला मूळपुरुष अब्राहाम याने खणलेली विहीर बळकावली होती. करार ठरला तेव्हा अब्राहामाने मेंढरं आणि गुरं दिली आणि सात कोकरं, सगळ्या माद्या, कळपातून वेगळी काढून उभी केली. अबीमलेख विचारतो, ही सात कशासाठी? अब्राहाम सांगतो, ही माझ्या हातून घे, म्हणजे ही विहीर मी खणली याची साक्ष राहील. मोबदला आधीच दिला होता, ही सात केवळ साक्षीसाठी होती. वेगळी उभी केली नसती तर ती बाकीच्या कळपात मिसळून गेली असती.

इथपर्यंत वाचून वाटतं, सात कोकरांची विहीर, झालं. पण लगेच पुढचं, ३१वं वाक्य म्हणतं: त्या जागेला बेएर शेवा म्हणतात, कारण तिथे त्या दोघांनी शपथ घेतली. शपथ घेणं याला तिथे ‘निश्बऊ’ हे क्रियापद आहे. शिन-बेत-आयिन, धातूची अक्षरं तीच. हिब्रूत आठवडा ‘शावुआ’, शपथ ‘श्वुआ’, घरात कोणी गेल्यावर बसतो ते सात दिवस ‘शिव्आ’. सगळे याच तीन अक्षरांवर उभे. शपथेचा शब्द साताच्याच शब्दातून निघाला, शपथ घेणं म्हणजे स्वतःला साताने बांधून घेणं, असं काही अभ्यासकांचं मत आहे. आपल्याला सप्तपदी आठवते. ती तुलना म्हणून ठेवावी, नातं म्हणून नाही. दोन भाषांतले शब्द किंवा रिवाज सारखे दिसले की एकातून दुसरा आला असं ठरवणं, ही गावांच्या नावांच्या बाबतीत सर्वांत जास्त होणारी चूक.

नावाची कथा तोराहमध्ये पुन्हा एकदा येते, २६व्या अध्यायात, अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या वेळी. तो विहिरींमागून विहिरी खणत जातो. पहिलीवर भांडण झालं, तिचं नाव एसेक, म्हणजे तंटा. दुसरीवर पुन्हा वाद, ती सितना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडलं नाही, ती रहोबोत, म्हणजे ऐसपैस जागा. १८९० साली वसलेल्या रहोवोत शहराने हेच नाव घेतलं. शेवटी तो इथे येतो. अबीमलेखाशी सकाळी शपथ होते आणि त्याच दिवशी नोकर सांगत येतात, पाणी लागलं. तो विहिरीला ‘शिव्आ’ म्हणतो. इथेही शपथ आणि सात एकाच शब्दात.

भाषांतर करणाऱ्यांना मात्र एक बाजू निवडावी लागली. जुन्या ग्रीक भाषांतराने शपथ घेतली आणि नावाचं ‘शपथेची विहीर’ केलं. लॅटिन भाषांतराने २६व्या अध्यायात तिसरंच वाचलं: विपुलता, तृप्ती. हे कसं झालं ते पाहण्यासारखं आहे. शिन या अक्षराच्या माथ्यावर उजव्या बाजूला टिंब असेल तर उच्चार ‘श’, डाव्या बाजूला असेल तर ‘स’. जुन्या हस्तलिखितांत ही टिंबं नव्हती, ती कित्येक शतकांनी आली. तेव्हा तीच तीन अक्षरं ‘श’ने वाचली तर सात, ‘स’ने वाचली तर पोट भरणं. वाळवंटाच्या काठावर भरलेल्या विहिरीला तृप्ती म्हणणं मनाला पटतंच, पण मजकुरात आदल्या दोन ओळींवर शपथ आहे, त्यामुळे ‘श’च खरा.

अरबी नावाचंही असंच: बीर अस-सबा. अरबीत याच आवाजाचा एक शब्द सात आणि दुसरा हिंस्र श्वापद, सिंह. म्हणून ‘सिंहाची विहीर’ ही कथाही ऐकू येते.

आणखी एक शक्यता सोडू नका: शेवा हे माणसाचं नावही होतं. शमुएलच्या दुसऱ्या पुस्तकात, २०व्या अध्यायात, दावीदाविरुद्ध बंड करणारा बिख्रीचा मुलगा शेवा आहे आणि त्याचं नाव अक्षर न अक्षर असंच लिहितात. हेब्रोनचं जुनं नाव किर्यात अर्बा. अर्बा म्हणजे चार, पण यहोशवाच्या पुस्तकात स्पष्ट आहे की अर्बा हा एक माणूस होता. म्हणून संख्या दिसली की लगेच मोजायला बसू नये. शबाच्या राणीचा मात्र इथे काही संबंध नाही. तिचा देश शेवटी आलेफने लिहितात, आपलं गाव आयिनने. देवनागरीत आयिनला अक्षरच नाही, तिथेच घोटाळा होतो. तसंच मराठी बायबलातलं ‘बैर-शेबा’ वाचून आपल्या कानाला वैर ऐकू येतं. वैर ते सितना. इथे तर वैर मिटलं.

नावाच्या मागची जमीनही पाहावी. वर्षाला पाऊस सुमारे २०० मिलिमीटर. कोकणात दोन हजारांच्या वर पडतो. ‘दानपासून बेएर शेवापर्यंत’ म्हणजे देशाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, इथून पुढे वाळवंटच. म्हणून एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलियाहू, ईजेबेल राणीपासून पळाले तेव्हा नोकराला इथे ठेवून एक दिवसाची वाट एकटे पुढे गेले, राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय. ज्यांच्या नावाने आपण मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, करतो, ज्यांचा टापा, म्हणजे खडकावरची खूण, अलिबागजवळ खंडाळ्याला दाखवतात, तेच एलियाहू.

शहराच्या पूर्वेला काही किलोमीटरवर तेल बेएर शेवा, म्हणजे जुन्या गावाचं टेकाड, आहे. तिथे १९६९ ते १९७६ योहानान अहारोनी आणि त्यांच्यानंतर झेएव हेर्झोग यांनी उत्खनन केलं आणि २००५पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. वेशीबाहेर एक विहीर आहे, सुमारे ६९ मीटर खोल. आपल्या मापाने सुमारे ३८ पुरुष, म्हणजे ३८ माणसांची उंची. तटबंदीचं हे गाव लोहयुगातलं, त्यामुळे ही विहीर अब्राहामाचीच असं कोणी छातीठोक सांगू नये. पण मुलांना तिथे न्या, काठावर उभं करा आणि ३८ पुरुष लांबीचा दोर किती होतो ते दोरी मोजून दाखवा. यंत्राशिवाय, हातांनी, असं पाणी गाठणाऱ्याला साक्षीला सात कोकरं आणि शपथ का लागली असेल, ते त्यांना तिथेच कळेल.