फिक्स्ड गिअरच्या शर्यतीत व्यावसायिक स्वार

(नवी मुंबईतील सायकलपटूंसमोर वाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, पाम बीच रस्त्यावर पहाटे सायकल चालवणाऱ्यांपैकी काहींनी आता फिक्स्ड गिअरच्या सायकली घेतल्या आहेत. त्यांच्यासाठी शर्यत भरवावी अशी चर्चा निघताच पहिला प्रश्न आला तो पगारी संघांतल्या स्वारांना प्रवेश द्यावा की नाही, हा. हौशी स्वारांच्या तोंडचा घास ते पळवतील ही भीती मला समजते. प्रवेशबंदी हा त्यावरचा उपाय आहे, असे मात्र मला वाटत नाही.

या सायकलीला फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबवूनही चाक फिरू देणारी रचना, नसते. चाक फिरते तोवर पेडलही फिरतेच. शर्यतीत ब्रेक नसतो, गिअर एकच असतो. साखळीच्या पुढच्या चक्राला ४९ आणि मागच्याला १५ दात असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सात मीटर जाते आणि ताशी ४५ किलोमीटर वेगासाठी मिनिटाला जवळजवळ ११० फेरे मारावे लागतात. रस्त्यावरच्या शर्यतींत मुरलेला स्वार वळणावर आतल्या बाजूचे पेडल वर धरून, पाय न हलवता सायकल झुकवतो. इथे ती सोय नाही. सायकल जास्त झुकली की आतले पेडल डांबराला घासते, मागचे चाक क्षणभर उचलले जाते आणि मागून येणारे चार-पाच जण त्याच्यावर आदळतात. त्यामुळे नुसत्या पायांतल्या ताकदीवर व्यावसायिक स्वार इथे लगेच जिंकत नाही. सरावलेला हौशी स्वार प्रत्येक वळणावर त्याला गाठू शकतो.

ब्रुकलिनमध्ये डेव्हिड ट्रिंबल यांनी २००८ साली आपल्या वाढदिवसानिमित्त सुरू केलेल्या रेड हुक क्रिटेरियमचा (क्रिटेरियम म्हणजे छोट्या बंद मार्गावर अनेक फेऱ्यांची शर्यत) इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मित्रमंडळींची ही रात्रीची शर्यत पुढे मिलान, बार्सिलोना आणि लंडनपर्यंत गेली, आणि टीम स्काय या व्यावसायिक संघाकडून खेळलेल्या दाविदे विगानोसारखे माजी व्यावसायिक तीत उतरले. त्यांच्यामुळे शर्यत वेगवान झाली, हे उघडच आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो संघांचा शिरकाव. एकाच्या मागे चिकटून चालवले की वाऱ्याचा बराचसा विरोध वाचतो. म्हणून ज्याचे चार सहकारी पुढे राहून वारा झेलतात आणि निसटू पाहणाऱ्याचा पाठलाग करतात, तो अखेरच्या फेरीत ताजातवाना उरतो. एकटा आलेला, नोकरी सांभाळून सराव करणारा स्वार हरतो तो खरे तर या जुटीपुढे.

मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ होण्याची ईर्षा धरणाऱ्या आपल्या मुलांना स्वतःहून सरस स्वाराच्या चाकाला चाक लावून चालवण्याची संधी क्वचितच मिळते. ती आपणच नाकारावी, हे मला पटत नाही. ऑलिंपिकनेही १९९६ मध्ये अटलांटात व्यावसायिक सायकलपटूंना दार उघडले होते. (खुल्या रहदारीत मात्र ब्रेक काढलेली सायकल कोणीही चालवू नये, शर्यत पूर्णपणे बंद केलेल्या रस्त्यावरच व्हावी, याबाबत मी तडजोड मानत नाही.)

म्हणून माझी सूचना अशी आहे की, व्यक्तीला अडवू नये, संघाला आवर घालावा. सकाळच्या पात्रता फेऱ्या सर्वांना खुल्या असाव्यात, परंतु एका संघाचे दोनपेक्षा अधिक स्वार अंतिम फेरीत नसावेत आणि काही जागा संघाविना आलेल्यांसाठीच राखून ठेवाव्यात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांनुसार परवानाधारक स्वाराने मान्यता नसलेल्या शर्यतीत भाग घेतल्यास त्याच्यावर कारवाई होऊ शकते. तेव्हा आपल्या शर्यतीला मान्यता आहे की नाही, हे प्रवेशअर्जावरच ठळकपणे छापावे आणि अर्ज स्वीकारण्यापूर्वी त्याला तोंडीही सांगावे.