सिरियसचे डायटम

श्रोतेहो, नमस्कार.

अंटार्क्टिकातल्या खडकाचं वय काढायचं तर कार्बनची पद्धत जेमतेम ५० हजार वर्षांपर्यंत साथ देते. तिथले खडक लाखो, कोट्यवधी वर्षांचे. अशा वेळी हाताशी येतात डायटम. समुद्रात आणि गोड्या पाण्यातही तरंगणारं हे एकपेशीय शेवाळ. त्याचं कवच सिलिकाचं, म्हणजे जवळपास काचेचंच, आणि डब्यावर झाकण बसावं तसं दोन भागांचं. एकेक जात काही लाख वर्षं जगते आणि कायमची संपते. कोणती कधी आली, कधी गेली, याचं वेळापत्रक समुद्रतळाच्या गाळावरून तयार आहे. खडकात ती जात सापडली की काळ कळला. अट एकच: डायटम त्या खडकाबरोबरच गाडला गेलेला हवा. पुन्हा सांगतो, खडकाबरोबरच गाडला गेलेला हवा. पुढची सगळी गोष्ट या अटीवर उभी आहे.

अंटार्क्टिका खंडाच्या आरपार एक पर्वतरांग जाते, ट्रान्सअंटार्क्टिक. तिच्या उंच माथ्यांवर जुन्या हिमनद्यांनी टाकलेला दगडमातीचा राडा आहे, त्याला सिरियस गट म्हणतात. १९८४ मध्ये भूशास्त्रज्ञ पीटर वेब, डेव्हिड हारवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की या राड्यात समुद्रातले डायटम सापडले. डोंगराच्या माथ्यावर! आणि त्यातले काही जेमतेम ३० लाख वर्षांपूर्वीचे. त्यांचा अर्थ असा: पर्वतापलीकडचं पूर्व अंटार्क्टिकाचं बर्फ तेव्हा मोठ्या प्रमाणावर वितळलं, सखल भागात समुद्र शिरला, डायटम तिथे वाढले, पुढे बर्फ पुन्हा वाढलं आणि त्यानं समुद्रतळाचा तो गाळ खरवडून डोंगरावर चढवला. हे बर्फ सगळं वितळलं तर जगभरचा समुद्र ५० मीटरहून जास्त चढेल. त्यातच बिअर्डमोर हिमनदीपाशी, ८५ अंश दक्षिणेला, सिरियसच्याच थरात नोथोफॅगस नावाच्या झुडपाची पानं आणि काड्या मिळाल्या, म्हणजे तिथे कधी काळी झुडपं वाढण्याइतकी ऊब होती.

दुसरी बाजू जॉर्ज डेंटन, डेव्हिड सगडेन आणि डेव्हिड मार्चंट यांची: बर्फ तेव्हा वितळलंच नव्हतं. अंटार्क्टिकातल्याच ड्राय व्हॅलीज या बर्फ नसलेल्या कोरड्या दऱ्यांच्या भागात त्यांना ज्वालामुखीची राख मिळाली, काही तर एक कोटी वर्षांहून जुनी, आणि पडली तिथेच, न हललेली. भुसभुशीत राख ती! मधे हवा उबदार झाली असती, पाणी वाहिलं असतं, तर ती जागेवर राहिली असती का?

दोन्ही बाजूंचे पुरावे खरे, आणि एकमेकांशी मुळीच न जुळणारे. मग १९९६ मध्ये लॉइड बर्कल आणि नोएल पॉटर यांनी एक साधं काम केलं. सिरियस सोडून त्याच खंडातले कितीतरी जुने खडक घेतले आणि त्यांत डायटम शोधले. ते सापडले! कोट्यवधी वर्षांच्या वालुकाश्मात सापडले, वितळलेल्या रसातून थिजलेल्या खडकातही सापडले, आणि होते मात्र गेल्या सुमारे ५० लाख वर्षांतले. तप्त रसात डायटम कसा जगेल? म्हणजे ते वाऱ्यानं उडत आले आणि भेगांतून आत शिरले. अट मोडली होती. डायटम खडकाबरोबर गाडला गेलेला नव्हता.

जाता जाता एक मनातलं बोलतो. आपल्या कितीतरी शाळांत सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असतो, लेन्सला बुरशी येईपर्यंत. तो बाहेर काढा, मुलांना विहिरीच्या पाण्याचा थेंब त्याखाली बघू द्या. डायटम त्यातही दिसतात.

तर, वेब आणि हारवूड हरले असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांनी प्रश्न विचारला म्हणून पुरावा थेट समुद्रतळात शोधण्याची निकड वाढली. २००६–०७ च्या हंगामात अंटार्क्टिकालगतच्या रॉस समुद्रात, तरंगत्या बर्फाखालच्या तळात, १,२८५ मीटर खोल भोक पाडलं गेलं. त्यात डायटमच्या कवचांचे जाडजूड थर निघाले, जगले त्याच पाण्याच्या तळाशी साचलेले. तिथे अट पुरी झाली. पश्चिम अंटार्क्टिकाचं बर्फ ३० ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात पुन्हा पुन्हा मागे हटलं होतं, हे त्यातून दिसलं.

२०१६ मध्ये रीड शेरर आणि सहकाऱ्यांनी सिरियसचं कोडंही नव्यानं मांडलं. डायटम वाऱ्यानंच डोंगरावर गेले, हे त्यांना मान्य. पण वाऱ्याला ते मिळाले कुठून? पूर्व अंटार्क्टिकाच्या कडेचं बर्फ मागे सरलं, तिथल्या समुद्रात डायटम वाढले, मग ओझं उतरलेली जमीन वर उचलली गेली आणि तो गाळ उघडा पडला, असं त्यांचं म्हणणं. बर्फ वेबना वाटलं तितकं नाही, पण मागे सरलं होतं. आणि त्या काळी हवेतला कार्बन डायऑक्साइड जवळपास आजच्याइतकाच होता. नमस्कार.