आमटीत पाणी वाढवण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

1972 च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगी होते. वडील सोलापुरातल्या एका कापड गिरणीत कामाला होते, आई घरी बसून विड्या वळत असे आणि घरात खाणारी तोंडे सहा होती. त्या वर्षी ज्वारी मिळेनाशी झाली तेव्हा रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळू लागली, आणि तिच्या भाकरीची चव आमच्या पिढीतले लोक अजून विसरलेले नाहीत. मला मात्र त्या भाकरीपेक्षा आमटी अधिक आठवते. महिन्याचा पहिला आठवडा सरला की तिच्यातली डाळ कमी होऊन पाणी वाढू लागे आणि शेवटच्या आठवड्यात आमटी वाढलेल्या वाटीचा तळ स्वच्छ दिसे. तिखट मात्र तेवढेच असे, त्यामुळे भाकरी घशाखाली उतरत असे आणि पोट भरल्यासारखे वाटत असे.

पुढे कित्येक घरांतल्या स्वयंपाकाशी माझा जवळून संबंध आला, आणि हाताशी पैसा कमी पडला की पहिली काटकसर डाळीतच होते, हे मी पुनःपुन्हा पाहिले. तेल तेवढेच राहते, चहा-साखर तेवढीच राहते, मुलांच्या हातातली बिस्किटांची पाकिटे तेवढीच राहतात आणि आमटी तेवढी पातळ होते. काटकसर करण्याची ही जागा नव्हे, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आपल्या सोलापूर जिल्ह्याचे मुख्य अन्न ज्वारी. कमी पावसाच्या या मुलखात काळ्या जमिनीतल्या ओलाव्यावर रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. या ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे दहा ग्रॅम प्रथिने असतात, चोथाही भरपूर असतो, आणि म्हणून भाकरी खाल्ल्यावर लवकर भूक लागत नाही. परंतु ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा एक आवश्यक घटक फार कमी असतो, आणि तो घटक डाळी-कडधान्यांत मुबलक असतो. उलट डाळींत ज्या मेथिओनीनची उणीव असते, ते धान्य पुरवते. भाकरी आणि डाळ एकाच ताटात आली की दोघींची उणीव भरून निघते आणि शरीराला पुऱ्या दर्जाचे प्रथिन मिळते. ढोबळमानाने तीन भाग धान्याला एक भाग डाळ असे हे प्रमाण धरतात. आमटीत पाणी वाढले की नेमके हेच प्रमाण मोडते, आणि पोट भरलेले असूनही मुलाची वाढ खुंटते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या आहाराचा जो तक्ता दिला आहे, त्यात माणशी सुमारे 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या आणि 27 ग्रॅम तेल-तूप सांगितले आहे. अंडी किंवा मांस खाणाऱ्यांनी ते त्या 85 ग्रॅमांतच धरायचे आहे. घरात चार मोठी माणसे असतील तर महिन्याला दहा किलोंच्या आसपास डाळी-कडधान्ये आणि साडेतीन लिटरच्या आसपास तेल, असा याचा हिशेब होतो. आता आपण आपल्या महिन्याच्या वाण्याच्या यादीकडे पाहावे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक याद्यांत हे आकडे उलटे पडतात: तेल पाच-सहा लिटर आणि सगळ्या डाळी मिळून चार किलो. म्हणजे बऱ्याच घरांत पैसा अगदीच नसतो असे नाही. तो डाळीच्या डब्याऐवजी तेलाच्या डब्यात गेलेला असतो.

रास्त भाव दुकानातून अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबांना दर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते आणि 2023 च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. ज्या घरांना हा लाभ मिळतो, त्यांनी धान्यावरचा वाचलेला पैसा कडधान्यांसाठी बाजूला ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण नेहमीच्या शिध्यात डाळ नसते आणि ती आपल्यालाच विकत आणावी लागते.

डाळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तूरच येते. तुरीचा भाव चढला की गृहिणी हात आखडता घेते. परंतु प्रथिनांच्या दृष्टीने तूर, मटकी, हुलगा म्हणजे कुळीथ, मसूर आणि हरभरा यांत फारसा फरक नाही, सगळ्यांत शंभर ग्रॅमला सुमारे वीस ते चोवीस ग्रॅम प्रथिने असतात. त्या त्या महिन्यात जे स्वस्त असेल ते आणावे, आणि तूर परवडत नसेल तर आमटीत निम्मी तूर आणि निम्मी मसूर किंवा हरभरा डाळ घालावी. आपल्या जिल्ह्यातली बाजार आमटी अशाच चार-पाच डाळींच्या मिश्रणावर उभी आहे. तिच्यावरचा तेलाचा तवंग तेवढा निम्म्यावर आणला, तर गरिबाच्या घरासाठी याहून चांगला पदार्थ मला सुचवता येणार नाही.

हुलग्याविषयी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण तो आपल्या ताटातून हळूहळू नाहीसा होत आहे. हलक्या जमिनीत, थोड्या पावसावर येणारे हे कडधान्य गरिबाचे आणि बैलाचे खाणे मानले गेले आणि त्यामुळे उगाच कमीपणाचे ठरले. त्याची शेंगोळी करताना हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ, लसूण, जिरे, तिखट आणि मीठ घालून घट्ट मळतात, तळहातावर बोटभर लांब वळ्या वळतात आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडून शिजवतात. धान्य, कडधान्य आणि रस्सा एकाच भांड्यात तयार होतो, वेगळी पोळी-भाजी लागत नाही, आणि चार माणसांना दोन चमचे तेल पुरते. हुलग्याचे पिठलेही होते, आणि थंडीत त्याचे गरम माडगे, म्हणजे पिठाची पातळ पेज, मुलांना फार आवडते. ज्या घरात संध्याकाळी उशिरा कामावरून परतून चूल पेटवायची असते, तिथे हे पीठ डब्यात असावे.

मटकी आपण सगळेच भिजवतो, परंतु मोड येईपर्यंत थांबण्याचा धीर कधीकधी राहत नाही. मोड आल्याने कडधान्यातले लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते, त्यामुळे त्यातले लोह शरीराला अधिक लागू पडते, शिवाय मूळ दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते आणि शिजायला गॅसही कमी लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात, थंडीत मात्र फडक्यात बांधून उबदार जागी दीड दिवस ठेवावे लागते. एक वाटी मटकीची दोन वाट्यांहून अधिक उसळ होते. उसळ झाकण ठेवून, बेताच्या पाण्यात शिजवावी, आणि वर उरलेले पाणी ओतून न देता लसूण-कोथिंबीर घालून त्याचे कढण करावे.

आता तेल. साडेतीन लिटर महिन्याला म्हणजे चौघांना आठवड्याला आठशे मिलिलिटर. हे मोजमाप डोक्यात ठेवून जमत नाही, म्हणून आठवड्याचे तेल एका छोट्या बरणीत वेगळे काढावे आणि पुढच्या सोमवारपर्यंत मोठ्या डब्याला हात लावू नये. आपल्याकडे भाजीत शेंगदाण्याचे कूट सढळ हाताने पडते, आणि ते पडलेच पाहिजे, कारण शेंगदाण्यात प्रथिने डाळीइतकीच किंवा त्याहून थोडी अधिक असतात. परंतु शेंगदाण्याचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचेच असते. उखळात कुटलेल्या सोलापुरी शेंगा चटणीला जे तेल सुटलेले दिसते, ते वरून घातलेले नसून त्या दाण्याचेच असते. म्हणून ज्या भाजीत कूट घालायचे आहे, तिची फोडणी एका चमच्यात भागवावी. एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी: स्वस्त मिळतात म्हणून बुरशी आलेले, सुरकुतलेले किंवा कडवट लागणारे दाणे आणू नयेत. त्या बुरशीतले विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही.

पालेभाजीचा विचार ऋतूनुसार करावा लागतो. थंडीत लक्ष्मी मंडईत मेथी, शेपू, चाकवत, आंबट चुका, करडई आणि हरभऱ्याचा कोवळा पाला यांच्या पेंड्यांचे ढीग लागतात, आणि दिवस कलताना त्याच पेंड्या उतरत्या भावात मिळतात. त्या दिवसांत रोज पालेभाजी व्हावी. करडईच्या किंवा हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा करावा, म्हणजे पाला धुऊन, बारीक चिरून त्यात कांदा, कूट, मीठ आणि लिंबू घालावे. यात इंधन अजिबात लागत नाही आणि उष्णतेने नष्ट होणारे क जीवनसत्त्व शाबूत राहते. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी, हा क्रम उलटा करू नये, कारण चिरल्यावर धुतली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे मोरीत जातात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार गेला की पालेभाज्या महागतात आणि मलूल होतात. आपल्या आज्या त्या दिवसांसाठी हरभऱ्याचा पाला सावलीत वाळवून ठेवत, गवार वाळवत, मटकीचे आणि हरभरा डाळीचे सांडगे घालत. सोलापूरच्या उन्हाविषयी आपण नेहमी तक्रारीच्या सुरात बोलतो, पण वाळवणासाठी इतके चांगले ऊन सगळीकडे नसते. शेवग्याचे झाड ज्यांच्या दारात आहे, त्यांनी शेंगांइतकाच त्याचा पालाही खावा, कारण कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व देणारा इतका स्वस्त पाला दुसरा नाही.

फळांच्या बाबतीत थोडक्यात सांगते. आपल्या जिल्ह्याचे डाळिंब नावाजलेले आहे, पण ते परवडले नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असते, आणि हंगामात बोरे, पपई व सीताफळही आवाक्यात असतात.

लोहाविषयी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. गुळाने रक्त वाढते म्हणून पुष्कळजणी गूळ-शेंगदाण्यावर विसंबून राहतात, परंतु आपण जेवढा गूळ खातो तेवढ्यातून मिळणारे लोह थोडेच असते. त्यापेक्षा उसळीवर पिळलेले अर्धे लिंबू अधिक काम करते, कारण आंबटातले क जीवनसत्त्व धान्य-भाजीतले लोह शोषून घ्यायला मदत करते. याउलट जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा ते लोह अडवतो. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. यासाठी एक पैसाही लागत नाही.

चहाचा विषय निघालाच आहे तर सकाळच्या चहा-बिस्किटांविषयीही बोलते. रोज एक छोटे पाकीट म्हटले तरी महिन्याला तीस पाकिटे होतात, आणि त्यांत मैदा, साखर आणि तेल यांखेरीज मुलाच्या हाती फारसे काही लागत नाही. त्याच पैशात फुटाणे, ज्वारीच्या लाह्या आणि भाजलेले शेंगदाणे येतात. शिळ्या भाकरीचा कुस्करा करून त्यावर ताक, कांदा आणि थोडी चटणी घातली तर शाळेत जाणाऱ्या मुलाची उत्तम न्याहारी होते. जिथे अंडी चालतात तिथे आठवड्यातून तीन-चार अंडी मुलांना जरूर द्यावीत, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. जिथे चालत नाहीत, तिथे दूध, दही किंवा ताक यांपैकी काहीतरी रोज असावेच, कारण बी-12 जीवनसत्त्व डाळीत आणि भाजीत नसते.

इंधनाचे दोन शब्द. डाळ अर्धा तास भिजवावी, कुकरमध्ये डाळ, भात आणि बटाटे एकाच वेळी लावावेत, आणि पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी. ज्वारी एकदम दहा-बारा किलो न दळता आठवड्यापुरतीच दळून आणावी, कारण पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी चिरते आणि मग घरातली मुले पोळीचा हट्ट धरतात.

शेवटचा मुद्दा वाढण्याचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 2021 या काळातल्या पाचव्या फेरीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामागे कारणे अनेक आहेत, परंतु एक कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. डाळ जड असते, ती तळाशी बसते, वाढणारी बाई पळी तळापर्यंत घालून आधी वडील माणसांना, मग मुलांना वाढते, आणि तिची स्वतःची पाळी येते तेव्हा पातेल्यात फक्त वरचे पाणी आणि खरवड उरते. त्या दुष्काळाच्या वर्षी आमच्या आजीच्या हे लक्षात आले. ती शिकलेली नव्हती आणि फार बोलणारीही नव्हती. आमटीचे पातेले चुलीवरून उतरले, की ते तळापासून ढवळून पहिली वाटी ती माझ्या आईची भरू लागली. आम्ही सगळे जेवून उठेपर्यंत ती वाटी फळीवर झाकलेली असे, आणि तिला कोणीही हात लावत नसे.

नमस्कार.