अकरा मिनिटांची रिळं आणि परवान्याची मुदत

श्रोतेहो, नमस्कार.

7 मार्च 1965. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं सेल्मा गाव, एडमंड पेटस पूल. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेली सुमारे 600 माणसं दोन-दोनच्या रांगेत पूल उतरतात. समोर हेल्मेट घातलेले राज्य पोलीस. भोंग्यावरून अधिकारी बजावतो: पांगायला दोन मिनिटं आहेत. ती दोन मिनिटं पुरी होतच नाहीत. मिनिटभरातच पोलीस चालून येतात, पुढची रांग मागच्यांच्या अंगावर कोसळते आणि अश्रुधुरात सगळं दिसेनासं होतं. त्याच रात्री एबीसी वाहिनीने चालू चित्रपट थांबवून हे चित्रण दाखवलं.

हे चित्रण मालिकेच्या रूपात नव्या पिढीसमोर आलं 1987 साली. या माहितीपट मालिकेचं नाव ‘आईज ऑन द प्राइझ’, निर्माता हेन्री हॅम्प्टन. पोलिओ झालेला हा माणूस 1965 मध्ये स्वतः सेल्माला गेला होता. 1968 साली त्याने बॉस्टनमध्ये ब्लॅकसाइड ही चित्रपटनिर्मिती संस्था काढली. 1954 ते 1965 या काळाचे सहा भाग 1987 मध्ये आले आणि 1985 पर्यंतचे आणखी आठ भाग 1990 मध्ये. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची ओकलंडमधली सुरुवात या दुसऱ्या संचात आहे. आपल्याकडे 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती याच पक्षाचं नाव घेऊन.

या मालिकेची बांधणी समजून घ्यायची तर आधी फिल्मची जात समजून घ्यावी लागते. त्या काळी बातम्यांचं चित्रण बहुतेक 16 एमएमच्या रिव्हर्सल फिल्मवर होई. तिला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून निघालेली पट्टी धुतली की तीच पडद्यावर दाखवायची. संकलकाची कात्री थेट मूळ पट्टीवर चाले आणि बातमीत न बसलेले तुकडे बऱ्याचदा फेकले जात. त्यामुळे वीस वर्षांनी संशोधक डबा उघडतो तेव्हा हाती लागते दोन-तीन मिनिटांची कापलेली बातमी, तीही अनेकदा मुकी. डब्यावरची चिठ्ठी चुकीची असू शकते. म्हणून दुकानांच्या पाट्या, मोटारींचे नंबर, सावल्यांची दिशा पाहून आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून तारीख पक्की करायची असते. हे केलं नाही की एका गावचा मोर्चा दुसऱ्या गावच्या नावावर खपतो आणि पुढचे सगळे तोच उचलतात.

हॅम्प्टनची शिस्त कडक होती. चित्रणाआधी अभ्यासक आणि चळवळीतली माणसं बोलावून निर्मात्यांची शाळाच भरवली जाई. मात्र पडद्यावर पंडितांना जागा नाही. जो त्या प्रसंगाशी प्रत्यक्ष जोडलेला होता त्यानेच बोलायचं, मग तो विरोधी बाजूचा का असेना. सेल्मा भागाचा शेरीफ, म्हणजे पोलीस अधिकारी, जिम क्लार्कही या मालिकेत बोलतो. मुलाखती फिल्मवर घेतल्या जात. 400 फुटांचं रीळ सुमारे 11 मिनिटं चालतं. माणूस आपल्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट रात्रीबद्दल बोलायला लागतो आणि नेमकं तेव्हाच रीळ संपतं. पुन्हा भरून सुरू करेपर्यंत सूर गेलेला असतो. प्रश्नकर्त्याचा आवाज कापला जाणार असेल, तर उत्तरातच प्रश्न यावा लागतो. ‘हो, तेव्हाच’ असं उत्तर संकलनात कुचकामी ठरतं. ‘मी पुलावर पोचलो तेव्हा’ असं पुरं वाक्य हवं.

प्रत्यक्षदर्शीवर सगळा भार टाकण्यात धोकाही आहे, आणि तो इथे घडला. पहिल्या भागात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या 1955 मधल्या हत्येची कहाणी आहे. त्यात एका नातलगाने त्या हत्येला निमित्त ठरलेला, दुकानापाशी घडलेला प्रसंग सांगितला आहे. त्या वेळी तो नातलग तिथे नव्हताच, हे पुढे उघड झालं. खोटं बोलायचं म्हणून तो बोलला असं मला वाटत नाही. घरात वर्षानुवर्षं ऐकलेली गोष्ट माणसाला हळूहळू आपण डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटू लागते. दुसरा साक्षीदार किंवा न्यायालयाचा कागद सापडेपर्यंत अशी साक्ष पक्की धरू नये.

आता या मालिकेचं सर्वांत मोठं दुखणं. तिच्यातलं चित्रण ऐंशीहून अधिक संग्रहांतून आलं होतं. छायाचित्रं आणि गाणी वेगळीच. प्रत्येकाचा परवाना स्वतंत्र, आणि एकाच तुकड्यासाठीसुद्धा प्रसारण, शाळा, कॅसेट, परदेश यांचे हक्क वेगवेगळे घ्यावे लागतात. कायमचे हक्क महाग, म्हणून पैशांच्या ओढाताणीत बरेच परवाने मोजक्या वर्षांचे घेतले गेले. एका दृश्यात डॉ. मार्टिन लूथर किंग यांचे सहकारी त्यांना ‘हॅपी बर्थडे’ म्हणतात. त्या चार ओळींसाठीही परवाना लागायचा. त्या गाण्यावरचा कंपनीचा दावा न्यायालयाने 2015 मध्ये फेटाळला, तोवर फार उशीर झाला होता. नव्वदच्या दशकात एकेक मुदत संपत गेली, आणि नागरी हक्कांच्या लढ्याची ही सर्वांत भक्कम मालिका ना वाहिनीवर दाखवता येई, ना नवी कॅसेट विकता येई. शाळांकडच्या जुन्या कॅसेट तेवढ्या झिजत राहिल्या. ज्या माणसांनी पुलावर मार खाल्ला, त्यांची साक्ष कागदांअभावी बंद पडावी, याची मला आजही चीड येते.

परवाने नव्याने घेण्यासाठी फोर्ड फाउंडेशनने सहा लाख डॉलर दिले, गिल्डर फाउंडेशनने अडीच लाख. 2006 च्या ऑक्टोबरमध्ये मालिकेचे पहिले सहा भाग पीबीएस या अमेरिकेतल्या सार्वजनिक वाहिनीवर पुन्हा आले. हॅम्प्टनला ते पाहायला मिळालं नाही, 1998 मध्येच तो गेला होता. त्याची रिळं आणि कागदपत्रं सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जपली आहेत. मालिकेत न आलेल्या भागांसकट मुलाखतींचे उतारे तिथे वाचता येतात, आणि रीळ संपून नवं चढवलं त्या जागी तशी नोंद आहे.