वीस रुपयांची जाग

(दृश्य: रात्र. ओतूरच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावरची टपरी. एकच ट्यूबलाइट.)

रात्रीचा दीड वाजलाय. नारायणगावहून टोमॅटो भरून निघालेला पिकअप टपरीशी थांबतो. ड्रायव्हर उतरतो आणि चहाच्या शेगडीकडे न बघता थेट फ्रीज उघडतो. लाल पाण्याची छोटी बाटली काढतो, वीस रुपयांची.

"चहानं भागत नाय आता," तो म्हणतो. "ह्यानं वाशीपर्यंत डोळा लागत नाय."

हे एनर्जी ड्रिंक. खरं तर हे पेय जन्मलं ते त्याच्यासारख्यांसाठीच. जपानमध्ये १९६२ साली लिपोव्हिटान डी नावाचं टॉनिक आलं. दिसायला औषधाचीच बाटली, १०० मिलिलिटरची. पुढे थायलंडमध्ये चालेओ युविध्या यांनी क्रातिंग डेंग काढलं. ते प्यायचे ट्रक ड्रायव्हर आणि मजूर, रात्रपाळीला. डिट्रिख माटेशिट्झ या ऑस्ट्रियन माणसाच्या ते नजरेस पडलं. त्यात गॅस भरला गेला, चव बदलली आणि १९८७ साली ऑस्ट्रियात ते रेड बुल म्हणून विकायला आलं. मजुरांचं टॉनिक तिथून कॉलेजच्या पोरांच्या हातात गेलं.

(दृश्य: रिकामा काचेचा ग्लास. चमच्याने साखर पडते आहे. एक, दोन, तीन…)

साध्या रेड बुलच्या २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साखर असते २७ ग्रॅम. म्हणजे पाच चमचे भरून वर थोडी. दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. एका कॅनमध्येच तो हिशेब संपला. यातून मिळतात सुमारे १०८ कॅलरी, आणि 'एनर्जी' म्हणावी अशी गोष्ट आत तेवढीच. तीही कुठल्याही सरबतात मिळते. शुगर-फ्री कॅनमध्ये तर तीही जवळपास नसते, पण नाव तेच राहतं.

मग तरतरी येते कुठून? कॅफिनमधून.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. आता एसटी आठवा. गाडी लागली रे लागली की कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो. कॅफिन नेमकं हेच करतं. अ‍ॅडेनोसिनची सीट ते अडवून ठेवतं. बिचारे प्रवासी उतरून जात नाहीत, दाटीवाटीने उभे राहतात, आणि मागून आणखी चढतच असतात. रुमाल उचलला गेला की सगळे एकदम बसतात. सकाळी अंग गळून जातं ते त्यामुळे. थकवा गेलेला नसतोच, तो ताटकळत असतो.

रुमाल लवकर उचललाही जात नाही. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. दीड वाजता प्यायलेल्यातलं निम्मं साडेसहालाही अंगात असतं. नेमकं तेव्हाच माल उतरवून आपला ड्रायव्हर केबिनमध्ये पाठ टेकणार असतो.

(दृश्य: बाटलीचं लेबल, अगदी जवळून. बोटाच्या पेराएवढ्या जागेत चार ओळी.)

भारतीय नियमांत या पेयाला 'कॅफिनेटेड बेव्हरेज' म्हणतात. एका लिटरमध्ये कॅफिन १४५ ते ३०० मिलिग्रॅम. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. कडक चहाच्या दोन कपांतही एवढं जाऊ शकतं. फरक असा की गरम चहा फुंकर मारत प्यावा लागतो आणि ही गार बाटली चार घोटांत संपते. निरोगी मोठ्या माणसाने दिवसात ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली म्हटलं. गरोदर बाईसाठी मर्यादा २०० ची.

या पेयात टॉरिन नावाचं द्रव्यही असतं. त्याबद्दल बरीच कुजबुज असते. बैलाच्या अमुक-तमुकपासून काढतात म्हणे! १८२७ साली ते बैलाच्या पित्तात पहिल्यांदा सापडलं, नाव पडलं ते त्यामुळे. आज ते कारखान्यात तयार होतं, आणि आपलं शरीरही ते बनवतंच. यात घातलेली बी गटातली जीवनसत्त्वं अन्नातली ऊर्जा मोकळी करायला मदत करतात, स्वतः ऊर्जा देत नाहीत. गरजेहून जास्त झालेली बरीचशी लघवीवाटे जातात.

हृदयाचं मात्र गांभीर्याने घ्यावं. २०१९ साली अमेरिकेत ३४ निरोगी तरुणांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. तासाभरात जवळजवळ एक लिटर एनर्जी ड्रिंक प्यायल्यावर, ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ काही मिलिसेकंदांनी वाढला. धडधाकट माणसाला ते कळणारही नाही. पण ज्याच्या हृदयाला हा वेळ जन्मतःच जास्त लागतो, आणि ज्याला ते ठाऊक नाही, त्याचं काय?

कबड्डीच्या मैदानावरही हे पेय दिसतं. घामावाटे गेलेलं मीठ-पाणी भरून काढायला ते बनलेलंच नाही. तिथे लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरं.

जुलै २०२४ मध्ये राज्याचे तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत जाहीर केलं, की शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकायला बंदी घालू. लेबलवर तर आधीपासूनच छापलेलं असतं: मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. इंग्रजीत. आमच्या हातातल्या बाटलीवर मराठीचं एक अक्षर नव्हतं.

(दृश्य: पुन्हा टपरी. ड्रायव्हर फ्रीजमधून दुसरी बाटली काढतो.)

"दादा, ही घाटासाठी का?"

"नाय ओ. घरी न्यायला. पोरगं सातवीत हाय, रोज मागतंय."

त्याला लेबलवरच्या चार ओळी वाचून दाखवल्या. त्याने बाटली ट्यूबलाइटखाली धरली, फिरवून फिरवून बघितली. मग टपरीवाल्याला म्हणाला, "मामा, ही घ्या परत. पार्लेचा पुडा द्या."

स्वतःची मात्र त्याने संपवली होती. पिकअपचे दिवे घाटाकडे वळले.